इस्पितळाची भीती

साजगावच्या विठोबाला आमच्या भागातील माणसे बोंबल्या विठोबा म्हणतात. कार्तिकी एकादशीपासून तेथे यात्रा भरते आणि देवाच्या दारात सुक्या मासळीचा मोठा बाजार बसतो. पंढरीच्या वारकऱ्याला हे ऐकून नवल वाटेल. पण कोकणातला विठोबा कोकणातल्या माणसांना सांभाळून घेतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. अशाच एका यात्रेत, बोंबलाच्या ढिगाजवळ, आम्हांला एका म्हाताऱ्या बाईने हाताला धरून बाजूला नेले. तिचा मुलगा खोपोलीच्या एका कारखान्यात आमच्या संघटनेचा सभासद होता आणि चार दिवस तापाने घरी पडला होता. ती म्हणाली, “दादा, तुम्ही पुढारी मानूस. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. पर त्याला इस्पितळात नेऊ नका. तिथं गेलेलं मानूस पायानं परत येत नाही.”

आम्ही त्या बाईची समजूत घातली, मुलाला नेले आणि तो पायाने परत आलाही. पण तिचे ते वाक्य मात्र आमच्या डोक्यातून गेले नाही. तिने ते कोणाकडून ऐकले असेल? आईकडून, आईने आजीकडून. अडाणी माणसाची भीती म्हणून ते वाक्य झटकून टाकणे सोपे आहे, आणि शिकलेली माणसे तसेच करीत आली आहेत. आमचे शिक्षण सातवीत सुटले. पुढचे जे काही ते वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मांडवात झाले. त्यामुळे असेल, पण अशा भीतीला काही इतिहास असलाच पाहिजे, असे आम्हांस वाटते. तो इतिहास शोधता शोधता आम्ही १८९६ च्या मुंबईत जाऊन पोचलो.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रोगी ओळखले. तत्पूर्वी लोक मरत होतेच, पण रोगाला नाव नव्हते. नाव मिळताच सरकार जागे झाले, आणि ते जागे झाले ते दंडा घेऊनच. रोगी ओळखून त्याला घरातून उचलायचे, इस्पितळात घालायचे, त्याचे अंथरूण-पांघरूण जाळायचे, घर धुऊन काढायचे, असे हुकूम ऑक्टोबरात निघाले. महापालिकेचे साथीच्या रोगांचे इस्पितळ आर्थर रोडवर होते, म्हणजे गिरणगावाच्या अगदी दाराशी.

आता क्षणभर त्या चाळीतल्या खोलीत जाऊन उभे राहू. नवरा गिरणीत, बायको गिरणीत किंवा घरी, एका खोलीत सात-आठ माणसे. एकाला ताप भरतो, काखेत गाठ येते. दारात शिपाई आणि डॉक्टर येतात. डॉक्टर पुरुष आणि तपासायची ती बाई. काखेत आणि जांघेत पाहायचे. मग तिला उचलून नेतात. बरोबर कोणाला येऊ देत नाहीत. तेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, ते ठाऊक नाही. दोन दिवसांनी निरोप येतो की ती गेली. मढे कोणी हलवले, अग्नी कोणी दिला, हेही धड कळत नाही. असे एका खोलीत झाले की सगळ्या चाळीत बातमी होते.

ह्या भीतीत गणित अगदी सरळ होते. लोक भीत, म्हणून रोगी लपवून ठेवीत. लपवलेला रोगी शेवटच्या घटकेला सापडे. त्या अवस्थेत इस्पितळात पोचलेला माणूस बहुधा मरेच. मग लोक म्हणत, पाहा, आत गेलेला मेला. भीती मरण वाढवी आणि मरण भीती वाढवी. त्यातून मोमियाईच्या जुन्या कंड्या पुन्हा उठल्या: इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याचे तेल काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासले त्याचा सूड उगवतात, वगैरे. ह्या कंड्यांना आज आपण हसतो. पण ज्या सरकारने प्रजेशी कधी सरळ बोलणे केले नाही, त्याच्याबद्दल प्रजेने काही मनाने रचले तर दोष एकट्या प्रजेचा नव्हे.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हा दंगा मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही. आम्हीही आमच्या सभांतून संप सांगतो, मोर्चे सांगतो. इस्पितळावर दगड घेऊन गेलेले कामगार सांगायला आम्हांला संकोच वाटतो. आत रोगी होते, त्यांची सेवा करणारी माणसे होती; त्यांच्यावर हात उगारणे हे कोणत्याही न्यायाने योग्य नव्हते. पण ते का गेले, हे समजून घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपले माणूस परत मिळावे, निदान त्याचे काय झाले ते कळावे, एवढे सांगणारा कोणीही त्यांना दारात भेटला नव्हता.

ह्यानंतर हुकूम काहीसे सैल झाले. त्यामागचे एक कारण फार बोलके आहे. त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी आपल्या अहवालात जे लिहिले त्याचा भावार्थ असा की, सक्ती अशीच चालू राहिली असती तर शहरातले हलालखोर आणि झाडूवाले पळून गेले असते, आणि ते गेले असते तर मुंबई म्हणजे एक उकिरडा झाली असती. शहराची सगळी विद्या, सगळे भांडवल आणि सगळी सत्ता एका पारड्यात, आणि मैला उचलणाऱ्याची टोपली दुसऱ्या पारड्यात. आणि दुसरे पारडे जड! त्या हलालखोराला स्वतःचे हे वजन ठाऊक होते की नाही, कोण जाणे. त्याच्या पगारात तरी ते कधी दिसले नाही.

तरी शहर रिकामे झालेच. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांची असलेली मुंबई १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मी ओस पडली. आगबोटीने, आगगाडीने, पायी, जमेल तसे लोक निघाले. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या कर्जतवरूनच घाट चढत. गावी परतलेल्या माणसांबरोबर रोगही गेला आणि इस्पितळाची गोष्टही गेली. साजगावच्या त्या बाईचे वाक्य अशाच कोणा माणसाच्या तोंडून आमच्या भागात आले असले पाहिजे, असा आमचा तर्क आहे. तर्कापलीकडे त्याला आधार नाही.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे कशी तपासली आणि २२ जून रोजी रँडवर त्यापायी गोळी कशी झाडली गेली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. तेव्हा ते येथे पुन्हा उगाळीत नाही. त्याच दिवसांतल्या दुसऱ्या दोन मृत्यूंकडे मात्र आम्हांला आपले लक्ष वेधावयाचे आहे.

पहिला मृत्यू नारायण मेघाजी लोखंडे यांचा. १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज करणारे आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून देणारे हे गृहस्थ. आज आपण रविवारी व्याख्यान ऐकावयास येऊन बसतो त्याचे श्रेय काही अंशी त्यांचेच. प्लेगमध्ये ते मुंबई सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या मदतीत ते राबले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेले. दुसरा मृत्यू सावित्रीबाई फुले यांचा. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर. त्याने पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही रोग लागला आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला. महिन्याभराच्या अंतराने दोन सत्यशोधक गेले.

आता पाहा. रोग तोच, दवाखानाही शेवटी दवाखानाच. आर्थर रोडला रोग्याला शिपाई नेत होता, येथे एक साठी उलटलेली बाई पाठीवरून नेत होती. औषध दोन्हीकडे नव्हतेच. त्या काळी प्लेगवर हुकमी औषध कोणापाशीही नव्हते. फरक फक्त नेणाऱ्या हातांचा होता. लोकांना हा फरक कळत होता, आणि म्हणूनच निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली तेव्हा लोक तेथे त्या मानाने कमी भीत गेले. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग-इस्पितळाच्या कामाला हात घातला तो ह्याच कारणाने. जातवार इस्पितळे ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे, हे आम्ही येथेच नोंदवून ठेवतो.

पुढे १९२६ साली परळला, पुन्हा त्याच गिरणगावात, के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांची अट अशी होती की, तेथे शिकवणारे डॉक्टर हिंदी असावेत. ह्या अटीचे मोल केवळ राष्ट्राभिमानाचे नाही. खाटेवरच्या कामगाराला डॉक्टरशी आपल्या भाषेत बोलता येऊ लागले, हे आमच्या मते मोठे काम झाले. गिरणगावातल्या माणसाच्या तोंडी ‘केईएम’ हा शब्द घरच्या माणसासारखा बसला. परिचारिकेला सिस्टर, वॉर्डातल्या नोकराला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणण्याची रीत आपल्याकडच्या सगळ्या इस्पितळांत पडली. नात्याच्या नावाने हाक मारली की समोरचा माणूस थोडा तरी बांधला जातो, हे रोग्यांनी बरोबर हेरले. मावशी मात्र प्रत्येक वेळी मावशीसारखी वागतेच असे नाही.

ह्याच के. ई. एम. मध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग ह्या परिचारिकेवर भीषण अत्याचार झाला. करणारा त्याच इस्पितळातला सफाई कामगार होता. वरती हलालखोराचे वजन सांगितले. तेव्हा हेही सांगितलेच पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकतर्फी ठरेल. गरिबी माणसाला आपोआप चांगले करीत नाही. तेव्हा परिचारिकांनी आपल्या सुरक्षिततेसाठी संप केला. पण त्यांचे खरे मोठेपण संप संपल्यानंतरचे आहे. शुद्ध हरपलेल्या अरुणाबाईंना त्यांनी सांभाळले ते १८ मे २०१५ रोजी त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. अरुणाबाईंना पाहिलेल्या निवृत्त झाल्या, त्यांच्या नंतर जन्मलेल्या कामावर आल्या. त्यांना तेथून हलवण्याचा घाट घातला गेला तेव्हा परिचारिका आडव्या आल्या. २०११ साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा इतकी वर्षे अंथरुणाला खिळलेल्या ह्या बाईच्या अंगावर शय्याव्रण नाहीत, ही गोष्ट न्यायालयापुढे आली. ज्यांच्या घरी महिनाभर म्हातारा पडून आहे त्यांना ह्याचा अर्थ समजेल. दोन-दोन तासांनी कूस बदलावी लागते, अंग पुसावे लागते, चादरीची सुरकुतीही चालत नाही. त्या बाईंना मरण द्यावे की नाही, ह्यावर शहाण्या माणसांत मतभेद आहेत, आणि तो वाद आम्ही येथे सोडवीत नाही. आम्ही फक्त त्या कुशी बदलणाऱ्या हातांची नोंद करीत आहोत.

ह्याच्या उलट चित्र २०२३ मध्ये नांदेडला दिसले. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ह्या चोवीस तासांत तेथील शासकीय रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ तान्ही बाळे होती. राज्यभर हलकल्लोळ झाला. दोन दिवसांनी एक लोकप्रतिनिधी तेथे गेले आणि घाणेरडे शौचकूप पाहून त्यांनी अधिष्ठात्यांच्याच हातात झाडू दिला. चित्रे सगळीकडे झळकली, लोकांना बरेही वाटले. अधिष्ठाते आदिवासी समाजातले, म्हणून पुढे प्रकरण पोलिसांत गेले. आम्हांला त्या दिवशी एकच प्रश्न पडला. ते शौचकूप रोज ज्याने धुवायचे तो माणूस कोठे होता? त्याची जागा भरली होती काय, आणि भरली असेल तर त्याला पगार कोण आणि किती देत होते? हे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न आम्हांला सुचला तो आमच्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या बायकोला बाळंतपणासाठी एका सरकारी रुग्णालयात नेले होते. रात्रभर चादर बदलली नाही, आणि आयाबाई तिला नको ते बोलली. सकाळी आम्ही वीस माणसे घेऊन तेथे गेलो. आवाज चढवला. आयाबाई खाली मान घालून उभी राहिली आणि शेवटी इतकेच म्हणाली, “दादा, रात्री दोन वॉर्डांना मी एकटी. आणि तीन महिने झाले, ठेकेदारानं पैसे दिले नाहीत. तुमची संघटना आमच्यासाठी येती का?”

आमच्या वीस माणसांपैकी कोणीही उत्तर दिले नाही. कारखान्यात ठेक्याच्या कामगारासाठी आम्ही गेट अडवले होते. रुग्णालयातला ठेक्याचा कामगार आमच्या हिशेबातच नव्हता. रोग्याच्या बाजूने भांडताना आम्ही त्या बाईला सरकार समजलो होतो. बाळंतिणीला ती जे बोलली ते वाईटच होते, आणि ते आम्ही तिला नंतर बजावलेही. पण त्या दिवशीचे आमचे वीस जण आणि आर्थर रोडचे ते हजार जण, ह्यांत फरक फक्त दगडांचा होता.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे उपचार मोफत झाले. चांगलेच झाले. कर्जत-खालापुरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतून येणाऱ्या माणसाला पाच-दहा रुपयांचा कागदही जड होता. पण वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून यायचे, तेथून गाडी शोधायची, आणि दारात पोचल्यावर ‘पुढे न्या’ ऐकायचे, मग पनवेल, अलिबाग नाहीतर मुंबई, ही वाट अजून मोफत झालेली नाही. त्या वाटेवर भीती वाढते. आणि दारात कोणी नीट बोलले तर ती किती चटकन उतरते, हेही आम्ही पाहिले आहे.

आर्थर रोडचे ते इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय ह्या नावाने चालू आहे. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रोगी तेथेच नेण्यात आले. बाहेर पुन्हा तीच भीती, तेच माणूस दिसत नाही म्हणून रडणे, आणि तोच १८९७ चा कायदाही लागू होता. त्या वेळी कामगार दगड घेऊन गेले नाहीत. गिरण्याच उरल्या नव्हत्या. आत झाडू मारणारे, मढी गुंडाळणारे हात मात्र पुष्कळ ठिकाणी ठेक्याचेच होते.

ती आयाबाई पुढे आमच्या संघटनेत आली. तिच्याबरोबर तिघी आणखी आल्या. थकलेला पगार पाच महिन्यांनी मिळाला, आणि रात्री दोन वॉर्डांना अजूनही एकच बाई असते.