सूट, तहकुबी आणि कपात

फैजपूर म्हटले की लोकांना डिसेंबर १९३६ मधले काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपास मिळणाऱ्या सामानातून उभारलेले टिळकनगर, धनाजी नाना चौधरींनी घेतलेले कष्ट, मुंबईहून गावोगाव फिरत आलेली ज्योत, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू, हे सगळे स्मरणिकांमधून पुन्हा पुन्हा छापले जाते. त्याच मांडवात मंजूर झालेला शेतीविषयक कार्यक्रम मात्र सहसा एका ओळीत उरकतात : शेतकऱ्यांचे ओझे कमी करण्याची मागणी झाली. त्या ठरावाचे मोल या ‘कमी करण्या’च्या तपशिलातच आहे. ओझे कमी करण्याचे अनेक प्रकार असतात आणि त्यांतला कोणता मिळतो यावर शेतकऱ्याचे पुढचे दहा-वीस वर्षांचे नशीब ठरते. फैजपूरच्या खानदेशाने ते प्रकार एकेक करून भोगले होते. फैजपूरने त्यांची पहिल्यांदा नीट निवड केली.

कार्यक्रमाची कलमे तेरा. शेतसारा आणि खंड या दोन्हींत भरीव कपात व्हावी. ज्या तुकड्यावर कुटुंबाचे पोटही भरत नाही त्याला पूर्ण वगळावे. कालव्याच्या पाणीपट्टीचे दर उतरवावेत. वेठबिगार आणि सरंजामी हक्क बंद व्हावेत. मागल्या वर्षांच्या खंडाची थकबाकी सर्वसाधारणपणे पुसून टाकावी. कर्जाची छाननी खास न्यायमंडळांनी करावी, न पेलणारी कर्जे निकालात काढावीत आणि तोवर वसुली थांबवावी. कपात, वगळणूक, उतार, बंदी, पुसणे, थांबवणे : वाचताना एकाच मागणीचे पाल्हाळ वाटेल, पण यातले एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. थांबवलेली वसुली पुन्हा सुरू होते, पुसलेली बाकी होत नाही. कपात पुढच्या प्रत्येक वर्षाला लागू होते, तर थकबाकीची माफी फक्त मागल्या वर्षांना. मसुदा करणाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता.

सरकारला मात्र ओझे हलके करायचा एकच मार्ग मनापासून आवडे, तो तहकुबीचा. मुंबई इलाख्यात त्याचे यंत्र होते आणेवारी. पीक सोळा आणे धरायचे आणि यंदा त्यातले किती आणे आले याचा अंदाज बांधायचा. सहा आण्यांच्या खाली गेले तर निम्मा सारा तहकूब, चार आण्यांच्या खाली गेले तर सगळा. वाईट वर्षे लागोपाठ येत गेली तर कालांतराने तहकुबीची सूट होई. बरे वर्ष उजाडले की जुनी रक्कम चालू साऱ्याच्या पाठीवर बसून दारात येई. आणे मोजणार कोण, हा खरा झगड्याचा मुद्दा. शेतकऱ्याच्या लेखी तीन आणे असलेले पीक महसूल खात्याच्या कागदावर सहज साडेसहा आणे होऊ शके, आणि १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजींना सत्याग्रह करावा लागला तो नेमक्या याच मोजमापावरून. मूळ दर तर या सगळ्यात जागचा हलत नसे. सूट म्हणजे मेहेरबानी, आणि मेहेरबानीवर अपील चालत नाही.

दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या कपातीवर या भागाचा अविश्वास जुना होता. १८५२ साली जमीनमोजणी आली तेव्हा सावदा, यावल, फैजपूर, एरंडोल या पट्ट्यात हजारो शेतकरी जमले, मोजणीचे काम बंद पाडले, आणि सरकारला फौज आणून पुढाऱ्यांना पकडावे लागले. यातली गंमत अशी की मोजणी अधिकारी विंगेट यांच्या पद्धतीने दख्खनेत पहिल्या बंदोबस्तात अनेक ठिकाणी जुने दर उतरवलेच होते आणि तीस वर्षे ते न वाढवण्याची हमी दिली होती. मग शेतकरी बिथरला का? अडाणीपणामुळे, असे उत्तर इंग्रज अधिकाऱ्यांना सोयीचे होते. मला ते पटत नाही. आज साखळीने शेत मोजून दर उतरवणारा तीस वर्षांनी तीच साखळी घेऊन दर चढवायला येणार, हे ओळखायला शाळा लागत नाही. पुणे-नगर भागात मुदत संपल्यावर फेरआकारणीत तेच घडले, आणि सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांची चौकशी करताना सरकारलाही या वाढीची दखल घ्यावी लागली.

१९३० नंतर आणखी एक गोष्ट उघड झाली : दर जागच्या जागी ठेवूनही ओझे वाढवता येते. सारा रोख रकमेत ठरलेला. जागतिक मंदीत कापसाचे भाव निम्म्यावर आले. खानदेश तर कपाशीवर जगणारा. ज्या साऱ्यासाठी एक गाडी कापूस पुरे, त्यासाठी दोन गाड्या विकायची पाळी आली, आणि सरकारी दप्तरात काडीचाही बदल नाही. बारडोलीत १९२८ साली साऱ्यातली सुमारे २२ टक्क्यांची वाढ चौकशीनंतर ६ टक्क्यांच्या आसपास आली हा मोठा विजय खरा, पण तो वाढ कमी केल्याचा विजय होता. फैजपूरची मागणी एक पायरी पुढची होती. आजची परिस्थिती पाहून मूळ आकारणीच नव्याने बसवा, असे ती म्हणत होती. त्याच दिवसांत तिथे एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली किसान सभेचेही अधिवेशन भरले होते, आणि मनमाडहून सुमारे पाचशे शेतकरी पायी आले होते. त्यांच्या घोषणांचा दाब ठरावावर असणारच.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. खानदेशात जमीनदार नव्हते, रयतवारी होती. सारा कमी केला तर शंभर एकरवाल्याला शंभर एकरांचा लाभ, दोन एकरवाल्याला दोन एकरांचा, आणि शेतमजुराला काहीच नाही. शिवाय कुणब्याला खरा कापत होता तो सावकार. त्याच्या व्याजापुढे सारा किरकोळ. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच कपातीचे कलम एकटे वाचून चालत नाही. त्याच्या सोबत छोट्या तुकड्यांना वगळणारे कलम आहे, कर्जाची छाननी आहे, मजुराला जगण्यापुरत्या मजुरीची हमी आहे, आणि मोठ्या शेतीउत्पन्नावर इतर उत्पन्नांसारखाच चढत्या दराने प्राप्तिकर बसवा, असेही एक कलम आहे. खालच्याचे उतरवायचे तर वरच्याचे चढवायला हवे, इतका सरळ हिशेब. सावकाराच्या बाबतीत तर दामदुपटीचा जुना नियम समाजाला ठाऊकच होता : व्याजाची थकबाकी मुदलापेक्षा अधिक मागायची नाही. ठराव त्याच्या पुढे गेला आणि मुदलालाही हात घातला.

जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि महसूल खाते मोरारजी देसाईंकडे गेले. लगेच १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली. साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले, गावोगाव फिरून शेतकरी जमवले आणि सारा माफ करा म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला धारेवर धरले. फैजपूरच्या तयारीसाठी खेडी पालथी घातलेला माणूस दोनच वर्षांत पुन्हा सूट मागत उभा होता. याला गुरुजींची माघार म्हणता येणार नाही. शेतात पाणी उभे असताना आकारणीच्या तत्त्वावर वाद घालत कोणी बसत नाही. पण राजकारणाची गाडी तिथून पुन्हा सवलतीच्या रुळावर गेली ती गेलीच. खेर सरकारने १९३९ साली कर्जनिवारणाचा आणि कूळवहिवाटीचा कायदा केला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. शेतीउत्पन्नावरचा कर बसवायचा अधिकार १९३५ च्या कायद्याने प्रांतांनाच दिला होता, आणि बिहारच्या काँग्रेस सरकारने १९३८ साली तो वापरलाही. मुंबईत ते कलम कोणी उघडले नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला संपूर्ण माफी आणि त्यावरच्याला ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सूट, अशी वर्गवारी होती. फैजपूरच्या छोट्या तुकड्यांच्या कलमाशी तिचे नाते लागते. प्राप्तिकराच्या कलमाला मात्र नातेवाईक सापडत नाही : केंद्राच्या प्राप्तिकरातून शेतीचे उत्पन्न आजही वगळलेलेच आहे, दोन एकरवाल्याचे आणि दोनशे एकरवाल्याचेही.