जॅक रसेल टेरियर
कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात पैदास झालेली कुत्र्याची छोटी जात. पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांच्यावरून नाव पडले. उंची २५–३० सेंमी., वजन ५–६ किग्रॅ.; रंग मुख्यतः पांढरा, त्यावर काळे वा तांबूस डाग. अंगात दम फार. साखळीला बांधून ठेवण्याचा हा कुत्रा नव्हेच. पळायला न मिळाल्यास अंगण उकरतो, भुंकून घर डोक्यावर घेतो. चंदगडसारख्या धुवाधार पावसाच्या मुलखात खरी काळजी पावसाळ्यात लागते. फिरवून आणल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, कानामागे व काखेत गोचीड चाचपून पाहावी. गोचीडतापाने धडधाकट कुत्राही दगावतो. बिळात तोंड खुपसण्याची खोड असल्याने भाताच्या बांधावर सापाचा धोका असतो. तेथे त्याला मोकळे सोडू नये. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.