‘शम’ आणि शिरपामाळ

शांतता म्हणजे काय, असें कोणीं विचारिल्यास ‘जेथें कलह नाहीं ती शांतता’ असें उत्तर आपण सहज देतों. म्हणजे शांतता ही केवळ कशाचा तरी अभाव ठरते. परंतु ‘शांति’ हा शब्द ज्या ‘शम्’ धातूपासून झाला, त्याचा पूर्वेतिहास पाहतां ही समजूत अपुरी आहे, असें आम्हांस वाटतें.

पाणिनीय धातुपाठांत ‘शम्’चा अर्थ उपशम पावणें असा आहे, तोच अर्थ मनांत धरून आपण मराठींत तहान शमली, वादळ शमलें, असें म्हणतों. वेदांत मात्र या धातूचीं रूपें श्रम करणें, झटणें या अर्थानेंही येतात. श्रमानें थकलेला विसावा घेतो, या नात्यानें कित्येक भाषाकोविद हे दोन्ही अर्थ एका सूत्रांत ओवितात. पुढें राजनीतींत शब्दाची कक्षा आणखी वाढली. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणांत शम, संधि आणि समाधि हे शब्द एकार्थी मानिले आहेत. राजांस परस्परांविषयीं विश्वास वाटणें, हा तो अर्थ.

या अर्थाचें उदाहरण पाहण्यास जव्हारजवळील शिरपामाळावर जावें. इ. स. १६६४ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरतेवर पहिली स्वारी केली. तिकडे जातांना महाराजांचा तळ या माळावर पडला. जव्हारचे कोळी राजे विक्रमशहा मुकणे यांनीं त्यांचें स्वागत करून शिरपेच अर्पण केला, व त्यावरून माळास हें नांव पडलें, अशी तेथील परंपरा आहे. ज्या स्वारीचें सारें यश गुप्ततेवर अवलंबून, तिला आपल्या डोंगरांतून वाट देणें म्हणजे विश्वास देणें आणि घेणें होय.

परंतु हा विश्वास टिकला नाहीं. पुढें आठच वर्षांनीं, इ. स. १६७२ मध्यें, मोरोपंत पिंगळे यांनीं जव्हार जिंकून घेतलें. कल्याणाहून सुरतेकडे जाणारी जवळची वाट त्यामुळें मराठ्यांच्या हातीं आली. ज्या वाटेनें सख्य आलें, तीच वाट त्या सख्याच्या मुळावर उठली!

आज शिरपामाळावर त्या भेटीचें स्मारक आहे. भेटीचें स्मारक एकदां उभारलें कीं उभें राहतें. शम मात्र नित्य श्रमांनीं राखावा लागतो. धातूचा जुना अर्थ आपण विसरलों, तरी इतिहास तो विसरूं देत नाहीं.