जिंदा तिलिस्मात आणि खिशातला फोन

माझी मावशी गेली पन्नासेक वर्षे हैदराबादेत, नल्लकुंट्याला राहते. लग्न झाले आणि डिचोलीची मुलगी एकदम निजामाच्या जुन्या राजधानीत जाऊन पडली. घरात मराठी, शेजारी तेलुगू, भाजीवाल्याशी दखनी, आणि आम्ही कोणी गेलो की कोंकणी. आता तिच्या बोलण्यात हे सगळे इतके मिसळून गेले आहे की ती 'नको' म्हणते की दखनीतले 'नक्को' हे तिचे तिलाच सांगता येणार नाही. तसे पाहिले तर तो दखनी 'नक्को' मुळात आपल्याच मराठीकडून गेलेला! असो.

मागच्या खेपेला तिच्याकडे गेलो तेव्हा घरात एक पेच पडला होता. मावशीचा फोन म्हातारा झाला होता. दुपारपर्यंत बॅटरी संपायची. नातू, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा मुलगा, नवा फोन घ्यायला निघाला होता. पण मावशीची अट एकच, 'घ्यायचा तर ह्याच कंपनीचा. दुसरा मला नक्को.' त्याच कंपनीचा फोन दुप्पट किमतीचा. नातू वैतागून मला म्हणाला, "मामा, तुम्हीच सांगा आजीला. हिला फोन करण्यापलीकडे काय लागतं? कशाला ही ब्रँडची निष्ठा?"

मी समजूत घालायला बसलो, तेव्हा मावशी हळू आवाजात म्हणाली, "अरे, ह्यांचा आवाज आहे त्यात."

काका चार वर्षांपूर्वी गेले. शेवटचे काही महिने ते मुलीकडे परगावी होते आणि रोज सकाळी मावशीला बोलून निरोप पाठवायचे. चहा घेतला का, पाणी आले का, गोळी घेतली का... असे ते निरोप. ते सगळे त्या फोनमध्ये होते. दुकानदाराने सांगितले होते की कंपनी बदललीत तर हे जुने निरोप नव्या फोनवर येतीलच याची खात्री देता येत नाही. झाले! ज्याला नातू निष्ठा म्हणत होता ती मुळात भीती होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याला आपण 'एकनिष्ठ ग्राहक' म्हणतो तो खरोखर एकनिष्ठ असतो, की अडकलेला असतो?

सकाळी उठलो तर घसा बसलेला. मावशीने फडताळातून एक इवलीशी बाटली काढली आणि गरम पाण्यात चार थेंब टाकून पेला पुढे केला. निलगिरी, कापूर, ओवा यांचा झणझणीत वास! बाटलीवर एका हबशी शिपायाचे चित्र. हैदराबादेत ज्याने एक हिवाळा काढला त्याला ही बाटली ओळखता येईल. हीच ती 'जिंदा तिलिस्मात'. आणि माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बाटलीत होते.

हकीम मोहम्मद मोईजुद्दीन फारुकी यांनी 1920 साली हैदराबादेत हे औषध सुरू केले. नावाचा अर्थ 'जिवंत जादू'. त्याचा कारखाना अंबरपेटला, म्हणजे मावशीच्या घरापासून रिक्षाने काही मिनिटांवर. हकीमसाहेबांचे दुसरे अपत्य म्हणजे फारुकी दंतमंजन. 2020 मध्ये जिंदा तिलिस्मातला शंभर वर्षे झाली. या शंभर वर्षांत निजामाचे राज्य गेले, 1948 मध्ये हैदराबाद भारतात आले, 1956 मध्ये त्या राज्याचे तीन तुकडे होऊन मराठवाडा आपल्याकडे आला, 2014 मध्ये तेलंगणही वेगळे झाले. बाटली मात्र तीच, आणि तिच्यावरचा शिपाईही तोच. जुन्या निजामी मुलखात, मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंत, ही बाटली अजून खपते. राज्याच्या सीमा बदलल्या, पण सर्दीच्या औषधाची सीमा बदलली नाही!

नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत 'काळे तळे'. तळे आता नावातच उरले आहे. या भागाची दुसरी खूण म्हणजे इथले साथीच्या रोगांचे सरकारी इस्पितळ. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव आहे. 1897 मध्ये याच शहराच्या जोडशहरात, सिकंदराबादेत, रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. जुनी माणसे या इस्पितळाला 'कोरंटी दवाखाना' म्हणतात. कोरंटी म्हणजे क्वारंटाइन. प्लेग, पटकी, इन्फ्लुएन्झा यांनी हैराण झालेल्या काळातला हा शब्द. 1918च्या इन्फ्लुएन्झाने देशभर माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, आणि दोनच वर्षांनी हकीमसाहेबांची बाटली आली. तिने कोणता रोग बरा होतो वा होत नाही हे सांगणारा मी कोण? ताप आला तर डॉक्टरकडेच जावे. पण घाबरलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी ओळखीचे लागते, एवढे मात्र खरे.

ओळखीचे! मला वाटते, ब्रँडचा जन्म इथेच झाला. आपल्याकडे विलायती कापडाचे तागे यायचे तेव्हा त्यांवर देवादिकांची, हत्ती-वाघांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. गिऱ्हाईकाला अक्षर वाचता येत नसे, पण चित्र ओळखता येई. 'हत्ती छाप द्या' म्हटले की झाले. इंग्लंडात 1876च्या पहिल्या दिवशी बोधचिन्हांची नोंदणी सुरू झाली, आणि पहिला क्रमांक मिळाला तो बास कंपनीच्या बिअरवरच्या तांबड्या त्रिकोणाला. ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीचा कायदा यायला 1940 साल उजाडले. या सगळ्यामागची गरज एकच होती, ती म्हणजे फसवणूक होऊ नये. भेसळीच्या जगात छाप म्हणजे शब्द दिल्यासारखे. प्रभाकर कंदील घेणाऱ्या आपल्या आजोबांना ओगलेवाडीचा कारखाना कुठे आहे हे पाहायची गरज नव्हती. नाव पुरेसे होते.

1923 मध्ये मेल्विन कोपलँड या अमेरिकन प्राध्यापकाने ग्राहकाच्या मनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, नुसती ओळख. दुसरी, पसंती. तिसरी, हट्ट: दुकानात तो माल नसेल तर ग्राहक दुसरे दुकान शोधील, पण दुसरा माल घेणार नाही. जिंदा तिलिस्मातच्या बाबतीत मावशी या तिसऱ्या पायरीवर आहे. एकदा ती गोव्याला आली असताना तिची बाटली सामानात फुटली. आम्ही म्हापशाच्या बाजारातून दुसरा बाम आणून दिला. तिने तो कपाळाला लावला, पण चेहरा असा केला की जणू कोणी परक्याने डोक्यावर हात ठेवला!

आता इथे पाहा. मावशीला कोणी अडवलेले नाही. बाटली थोडक्या पैशांची, शेजारी दहा कंपन्यांचे बाम रचलेले, बदलायला काहीच खर्च नाही. उद्या सोडते म्हटले तर कसलाही दस्तऐवज हरवणार नाही. तरी ती सोडत नाही. दरवाजा सताड उघडा असून माणूस घरातच राहिला तर ती निष्ठा.

फोनचे तसे आहे का? थोडे मागे जाऊ या. 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल कॉल केला. त्यांच्या हातात नोकियाचा फोन होता. पुढची पंधराएक वर्षे आपल्याकडे मोबाइल म्हणजे नोकिया असेच समीकरण होते. 2003च्या अकराशे मॉडेलवर तर धूळ बसू नये अशी कळफळी आणि डोक्यावर विजेरी! ज्याला एका नोकियावर निरोप टाइप करता येई त्याला कुठल्याही नोकियावर येई. चार्जर कुणाकडेही मिळे. लोक म्हणत, नोकियाशिवाय दुसरा घेणार नाही. 2006 मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला त्यांचा मोठा कारखाना सुरू झाला.

आणि मग? 2007 मध्ये आयफोन आला, 2008 मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. पडद्यावर बोट फिरवायची सवय लागली तसे कळांवर बसलेले बोट निरुपयोगी झाले. 2012 मध्ये सॅमसंगने नोकियाला मागे टाकले. 2014 मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. ती एवढी मोठी निष्ठा गेली कुठे? मला वाटते, ती बोटांच्या सवयीची निष्ठा होती. सवय दुसरी लागली, निष्ठा संपली.

धंदेवाल्यांनी यातून धडा घेतला असावा. नुसत्या सवयीवर भरवसा नको, कुंपण घातलेले बरे. ब्लॅकबेरीने 2005 मध्येच स्वतःची निरोपांची सोय काढली होती. ती फक्त ब्लॅकबेरीवाल्यांतच चाले. कॉलेजातली मुले एकमेकांना फोन नंबराऐवजी 'पिन' विचारायची ते दिवस आठवतात ना? मित्र तिथे, म्हणून आपणही तिथे. 2013 मध्ये कंपनीने ही सोय इतर फोनांना खुली केली, पण तोवर मित्रमंडळी दुसऱ्या पारावर जाऊन बसली होती. 2019 मध्ये सामान्य वापरणाऱ्यांसाठीची ती सेवा बंदच झाली. कुंपण घालता येते, पण गावच उठून गेले तर कुंपणाचे करायचे काय?

2021 मध्ये कॅलिफोर्नियात एपिक विरुद्ध अ‍ॅपल हा खटला चालला. त्यात अ‍ॅपलच्या अधिकाऱ्यांचा जुना पत्रव्यवहार उघड झाला. आपली निरोपांची सोय अँड्रॉइडवर दिली तर आयफोनवाल्या घरातले आईबाप मुलांना स्वस्त अँड्रॉइड फोन घेऊन देतील, त्यातला अडथळा दूर होईल, अशा अर्थाचे त्यात एकाने 2013 मध्ये लिहिले होते. 2024च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपलवर खटला भरला, त्यातही हाच आरोप आहे की ग्राहकाला बाहेर पडणे मुद्दाम अवघड केले जाते. कंपनीला हा आरोप मान्य नाही. आपण न्यायाधीश होऊ नये. लाखो लोकांना तो फोन मनापासून आवडतो हेही खरेच आहे.

पण कुंपण काढले की काय होते याचा अनुभव आपल्याला आहे. पूर्वी टेलिफोन कंपनी बदलायची तर नंबर बदलावा लागे. सेवा कितीही रडतखडत चालो, नंबर सगळ्या नातेवाइकांकडे दिलेला, म्हणून माणूस चिकटून राही. 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 रोजी देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा मिळाली. 2015च्या जुलैपासून राज्य बदलले तरी नंबर राखता येऊ लागला. तेव्हा पुष्कळांना कळले की आपण ज्याला निष्ठा म्हणत होतो तो नाइलाज होता! उलट, दार उघडे ठेवूनही ग्राहक राखता येतो. आमच्या फोनला सात वर्षे सुधारणा पुरवू, असे गूगलने 2023 मध्ये आणि सॅमसंगने 2024 मध्ये काही फोनांसाठी जाहीर केले. तो शब्द पाळला तर तो जुन्या छापासारखाच शब्द. तशी निष्ठा कमवावी लागते.

हे सगळे मनात घोळवत मी नातवाला घेऊन आबिड्सच्या जगदीश मार्केटला गेलो. गल्लीभर फोन दुरुस्त करणारी पोरे, भिंगाखाली उघडलेले फोन. एकाने आमचे ऐकून घेतले आणि म्हणाला, पाठवायचे बटण आहे ना, मग एकेक निरोप बाहेर काढून संगणकावर ठेवा, वेळ लागेल पण जाईल सगळे. दोन संध्याकाळी मी आणि नातू तेच करत बसलो. एकेक निरोप काढायचा, तारीख घालायची, ऐकून खात्री करायची. काकांचा आवाज खोलीत फिरत होता. "पाणी आलं का गं?" मावशी स्वयंपाकघरातून ऐकत होती. एकदा तर सवयीने तिच्या तोंडून "आलं हो," असे निघून गेले आणि मग कोणीच काही बोलले नाही.

निरोप तीन ठिकाणी साठवून ठेवले. मग मी म्हटले, "मावशी, आता तुला हवा तो फोन घे. काका कुठेही येतील."

तिने दोन दिवस विचार केला. आणि सांगितले काय? तोच ब्रँड! नातवाने कपाळावर हात मारला. मी विचारले, "का गं? आता तर काही अडत नाही."

"अरे, शेजारच्या लक्ष्मीअम्मांकडे हाच आहे," ती म्हणाली. "माझं काही अडलं की त्या येऊन दाखवतात. त्यांचं अडलं की मी जाते. दुसरा घेतला तर आम्ही दोघी काय करणार?"

मला हसू आले, आणि थोडी लाजही वाटली. कंपनीवर, आकड्यांवर, कोपलँडवर मी एवढा विचार केला. पण मावशीची निष्ठा कंपनीशी नव्हतीच. ती होती भिंतीपलीकडच्या बाईशी. नल्लकुंट्याच्या त्या चाळवजा इमारतीत दोन म्हाताऱ्या, एक तेलुगू बोलणारी आणि एक गोव्याची, एकाच फोनच्या आधाराने एकमेकींकडे येत-जात होत्या.

नातवाला मी एवढेच म्हटले, घे बाबा आजीला हवा तो. फरक आहे तो इतकाच की परवा तिला तो घ्यावा लागत होता, आज ती तो घेते आहे.

निघताना मावशीने माझ्या पिशवीत जिंदा तिलिस्मातची एक बाटली टाकली. या वेळी ती फुटू नये म्हणून मोज्यात गुंडाळून.