पानाखालची सही : वेबवरच्या पत्त्याची गोष्ट



आजचा विषय वरवर अगदी छोटा आहे. कुठलीही वेबसाइट उघडा. तळाशी दुकानाचं, शाळेचं किंवा कार्यालयाचं नाव, फोन नंबर, ई-मेल आणि पत्ता असतो. माणसाला त्या ओळी बघताक्षणी कळतात. संगणकाला मात्र त्या कळत नाहीत. त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं आणि आकडे. 'हा फोन आहे, हे गाव आहे, आणि या पानाबद्दल काही विचारायचं असेल तर या माणसाला विचारा' हे त्याला कसं सांगायचं, यावर गेली तीसहून अधिक वर्षं डोकेफोड चालू आहे. त्याचा हा इतिहास. आणि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तांत्रिक नाही. छापलेल्या मजकुराला उत्तरदायी कोण, हा तो प्रश्न आहे.

सुरुवात फोनबुकापासून

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत झाला, हे आपल्याला माहीत असतं. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९मध्ये प्रस्ताव मांडला आणि १९९०च्या अखेरीस पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालू केला. पण तो वापरायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. मग १९९१मध्ये सर्नचं टेलिफोन बुक वेबवर आलं. तोवर कोणाचा नंबर हवा असेल, तर संस्थेच्या मोठ्या मेनफ्रेम संगणकात शिरून तो शोधावा लागे. त्या यंत्रावरच्या माहितीचं काम बर्न्ड पोलरमान पाहत. त्यांनी ती वेबशी जोडून दिली. निकोला पेलो यांनी लिहिलेला साधा ब्राउझर कुठल्याही टर्मिनलवर चालत असल्यामुळे नंबर आता जागेवर बसून मिळू लागला. सर्नमधले बरेच लोक तर वेब म्हणजे फोनबुकाचाच एक कार्यक्रम असं समजत होते.

म्हणजे वेबचा पहिला खरा उपयोग माणसाचा संपर्क शोधणं हा होता.

त्याच वर्षी बर्नर्स-ली यांनी एचटीएमएलच्या खुणांची पहिली यादी लिहून काढली. खूण म्हणजे काय? छापखान्यात जुळारी अक्षरं जुळवायचा, तेव्हा संपादक हस्तलिखिताच्या समासात लिहून ठेवायचा: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे तिरप्या टायपात. एचटीएमएल हे त्याच वाटेनं जातं. मजकुराच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात एक शब्द लिहायचा, की मधला मजकूर काय आहे हे ब्राउझरला समजतं. या पहिल्या यादीत जेमतेम १८ खुणा होत्या: शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा. आणि त्यांत एक खूण होती 'अ‍ॅड्रेस'.

इतक्या छोट्या यादीत पत्त्याला जागा का? कारण तिचा अर्थ पोस्टाचा पत्ता असा नव्हताच. लेखकाचं नाव, त्याची सही, त्याच्याशी संपर्क कसा साधायचा, हे पानाच्या वर किंवा खाली सांगण्यासाठी ती होती. बर्नर्स-ली यांनी लेखकांसाठी ज्या सूचना लिहिल्या, त्यांतही पानावर सही करण्याचा आग्रह आहे. लेखक सापडला तर चूक कळवता येईल आणि माहिती ताजी राहील, असा त्यामागचा सरळ विचार.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. मराठी वर्तमानपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते: अमुक यांनी मालकांसाठी तमुक छापखान्यात छापून इथे इथे प्रसिद्ध केलं. १८६७च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापणं सक्तीचं केलं. ब्रिटिश सरकारला त्यातून नजर ठेवायची होती, हे खरं. पण वाचकालाही त्यातून एक हक्क मिळाला: जाब कोणाला विचारायचा ते कळलं. अ‍ॅड्रेस ही वेबची अशीच ओळ. फरक इतकाच, की ती लिहायची सक्ती कोणी केली नव्हती.

नावाने घातलेला गोंधळ

पण खुणेचं नाव पडलं 'अ‍ॅड्रेस', आणि ब्राउझर तो मजकूर तिरप्या अक्षरांत दाखवू लागले. झालं! कोणी नुसती अक्षरं तिरपी करायला ती वापरली, कोणी दिसेल तो पोस्टाचा पत्ता तिच्यात घातला, कोणी 'शेवटचा बदल अमुक तारखेला' असं लिहायला.

मग नियम हळूहळू घट्ट होत गेले. नोव्हेंबर १९९५च्या एचटीएमएल २मध्ये पत्ता, सही आणि लेखक या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या. डिसेंबर १९९९च्या एचटीएमएल ४.०१ने सांगितलं, की त्या पानाचा किंवा त्याच्या एखाद्या मोठ्या भागाचा संपर्क इथे द्यावा. ऑक्टोबर २०१४मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ५ने तर बजावलंच: वाटेल तो पत्ता इथे घालू नका.

उदाहरण घेऊ. महाबळेश्वरच्या दहा हॉटेलांचे पत्ते देणारं एक पान आहे. ते दहा पत्ते अ‍ॅड्रेस खुणेत जाणार नाहीत, साध्या परिच्छेदात जातील. अ‍ॅड्रेस खुणेत जाईल तो ही यादी करणाऱ्याचा संपर्क. म्हणजे उद्या एखादं हॉटेल बंद झालेलं निघालं, तर तक्रार कोणाकडे करायची ते सांगणारी ओळ.

कार्डाला सात कप्पे

हे झालं पानापुरतं. पण त्या ओळीतला फोन कुठला आणि गाव कुठलं, हे या एका खुणेने कळत नव्हतं. त्याचं उत्तर वेबच्या बाहेर तयार झालं. १९९५मध्ये अ‍ॅपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स या कंपन्यांच्या व्हर्सिट नावाच्या गटाने व्हीकार्ड आणलं. व्हिजिटिंग कार्डावरचा मजकूर एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सरळ जावा, हा हेतू. आजही फोनमधले नंबर एकगठ्ठा बाहेर काढले, की जी व्हीसीएफ फाइल मिळते, ती हीच.

व्हीकार्डात पत्त्याला सात कप्पे आहेत: टपालपेटी, जादा तपशील, रस्ता, गाव, प्रांत, टपाल क्रमांक, देश. सहाव्या कप्प्याशी मराठी माणसाची गाठ आधीच पडलेली आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले हे अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककार. त्यांच्यापुढचा पेच आजच्या वेब अभियंत्यासारखाच होता. बिलासपूर छत्तीसगडच्या भागातही आहे आणि हिमाचलातही. प्रतापगढ उत्तर प्रदेशात आहे तसं राजस्थानातही. त्यातून पत्ता लिहिणारा एका लिपीत लिहिणार आणि टपाल वेगळं करणाऱ्याला दुसरीच येत असणार. यावर उपाय म्हणजे सहा अंक, आणि प्रत्येक अंकाची जागा अर्थपूर्ण. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. त्यामुळे आपल्यापैकी मुंबई, पणजी किंवा इंदूरला राहणाऱ्यांचा पिन ४ने सुरू होतो, बडोद्याचा ३ने, हैदराबाद आणि बेळगावचा ५ने, तंजावरचा ६ने. लष्करी टपालासाठी ९ राखून ठेवला आहे.

अर्थ अक्षरांत गुंतवून न ठेवता ठरलेल्या जागेत ठेवायचा, हे सूत्र वेलणकरांच्या पिनमध्ये आहे आणि व्हीकार्डातही आहे. पण सात कप्पे आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्याचं नाव आणि घराचा नंबर असलेली शहरं होती. आपला पत्ता 'मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीच्या वर' असा असतो. त्याला स्वतःचा कप्पा नाही. तो 'जादा तपशील'मध्ये कोंबावा लागतो.

नावाची पंचाईत

हेच कप्पे एचटीएमएलच्या पानात आणावेत, ही कल्पना २००४मध्ये टँटेक चेलिक आणि ब्रायन सुडा यांनी मांडली. तिचं नाव एचकार्ड. २००५मध्ये मायक्रोफॉरमॅट्स या नावाने अशा प्रयत्नांची चळवळच सुरू झाली. नवी खूण काढायची नाही. जो मजकूर वाचकाला दिसतो, त्यालाच 'टेल', 'लोकॅलिटी', 'पोस्टल-कोड' अशी लेबलं लावायची. माणसाने वाचायची आणि यंत्राने वाचायची गोष्ट एकच ठेवायची, हा तिचा मोठा गुण.

पण नावांची पंचाईत झाली. एचकार्डाने लेखकाचे श्रम वाचवायला एक सोय केली होती: नाव दोन शब्दांचं असेल तर सर्वसाधारणपणे पहिला शब्द स्वतःचं नाव, दुसरा आडनाव. 'सुनीता जोशी' यात चपखल बसते. तमिळनाडूतल्या 'एस. राजेंद्रन' यांचं मात्र 'एस.' हे नाव ठरतं आणि राजेंद्रन आडनाव. नाव एकाच शब्दाचं असेल, तर यंत्र त्याला टोपणनाव समजे! आडनाव न लावणारी माणसं आपल्या देशात काही थोडी नाहीत. सगळे कप्पे हाताने भरले तर चूक टळत असे. पण तेवढं करतो कोण?

दिसणारं आणि लपलेलं

दरम्यान दुसरं संकट आलं होतं. पानावरचे ई-मेल पत्ते गोळा करून त्यांवर जाहिरातींचा भडिमार करणारे कार्यक्रम सुटले होते. लोकांनी पत्ते लपवायला सुरुवात केली. कोणी ई-मेलचं चित्र करून लावलं, कोणी फोन नंबर चित्रात घातला. चोर काही काळ फसले. पण स्क्रीन रीडरच्या आवाजावर पान ऐकणाऱ्या अंध वाचकासाठी ती जागा मुकी झाली. चित्रातल्या नंबरावर बोट ठेवून फोनही लागत नाही. चोराला अडवायला लावलेली कडी घरच्या पाहुण्यालाच लागली.

२ जून २०११ रोजी गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही सामाईक शब्दावली जाहीर केली. दुकान, पत्ता, फोन, वेळ, प्रत्येकाला ठरलेलं नाव. शोध घेतल्यावर उजवीकडे दुकानाची चौकट दिसते, तिच्यामागे अनेकदा ही माहिती असते. पुढे जानेवारी २०१४मध्ये जेसन-एलडी ही लेखनपद्धत प्रमाण ठरली, आणि ही सगळी माहिती पानाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या जागी ठेवायची वहिवाट पडली.

सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण काय बदललं पाहा. १९९१मध्ये सही वाचकासाठी होती. आता तिची एक प्रत शोधयंत्रासाठी वेगळी काढली जाते. दुकानाचा नंबर बदलला, मालकाने दिसणारी ओळ बदलली, पोटातली प्रत तशीच राहिली. मग यंत्र जुना नंबर सांगत बसतं, आणि फोन उचलणारा भलताच कोणी असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. खूण फक्त 'हा फोन नंबर आहे' एवढंच सांगते. तो खरा आहे का, हे ती सांगू शकत नाही. बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक म्हणून भामट्यांचे नंबर पसरवले जातात, आणि शोधून पहिला दिसेल त्या नंबरावर फोन करू नका, असे इशारे बँका आणि पोलीस वारंवार देतात, ते यामुळेच. म्हणून काही ठिकाणी कायदा पुढे आला. जर्मनीत व्यावसायिक वेबसाइटवर चालकाचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे. त्या पानाला 'इंप्रेसुम' म्हणतात, आणि हा शब्दही छापखान्यातलाच. भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थ कंपन्यांनी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळकपणे द्यावा लागतो.

मग आपण काय करायचं?

तुमच्या मंडळाची, वाचनालयाची किंवा दुकानाची वेबसाइट असेल, तर एवढं पाहा. संपर्काची ओळ अक्षरांत असू द्या, चित्रात नको. ती अ‍ॅड्रेस खुणेत ठेवा. फोनला 'टेल'चा आणि ई-मेलला 'मेलटू'चा दुवा द्या, म्हणजे बोट ठेवताच फोन लागेल. फोनआधी देशाचा ९१ हा क्रमांक लिहा. परदेशातली मराठी मंडळीही फोन करतात. स्कीमाची माहिती जरूर भरा, पण नंबर बदलला की दोन्हीकडे बदला. आणि पत्त्यात मारुतीचं देऊळ राहू द्या. यंत्राला ते कळलं नाही तरी तुमच्याकडे येणाऱ्याला ते पिनकोडाआधी दिसणार आहे.

सगळ्यात शेवटी, त्या नंबरावर आलेला फोन कोणीतरी उचला. सर्नमध्ये लोक वेबकडे वळले ते पलीकडे माणूस सापडावा म्हणून, आणि ती अपेक्षा अजून तशीच आहे.