भिंतीवरची रेषा

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात आमचं तळमजल्यावरचं घर आहे. हॉलच्या भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर एक मातकट रेषा आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी घरात आली होती, तिची ही खूण.

परवा बाबा म्हणाले, "रविवारी रंग मारून घे. घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे." मी हो म्हटलं. पण रंग आणण्याऐवजी आमच्या भागात आजवर कुणी, कुठे, कसल्या रेषा आखल्या ते शोधत बसलो.

सगळ्यात जुनी रेषा रेल्वेची. १८५३ ला गाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ ला कल्याणपर्यंत आणि १२ मे १८५६ ला उल्हासच्या खोऱ्यातून थेट खोपोलीपर्यंत. तो त्या काळातला अवाढव्य प्रकल्प. चढ किती, दगड कुठला, खर्च किती, याचा हिशोब झाला. नदीचं आणि रानाचं काय होईल हे लिहून द्या, असं विचारणारा कायदाच तेव्हा नव्हता.

दुसरी रेषा देवळाची. आमच्या शेजारच्या स्टेशनवर, अंबरनाथला, शिलाहारांचं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ मिळतो. १८६८ च्या सुमारास जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या मंडळींनी मंदिराची रेखाटनं केली, शिल्पांचे साचे घेतले. आधी नोंद झाली, कायदा मागाहून आला. १९०४ चा, मग १९५८ चा. १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकांभोवती अंतरं ठरली आणि २०१० मध्ये ती थेट कायद्यात आली. पहिल्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच.

तिसरी रेषा डोंगराची. ४ फेब्रुवारी २००३ ला माथेरान आणि आसपासचा २१४.७३ चौरस किलोमीटर भाग केंद्राने इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. आता वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती महामार्ग आमच्या बदलापूरजवळून पनवेलकडे जातो, तो याच डोंगराखालून, चार किलोमीटरहून लांब जुळ्या बोगद्यातून. बोगदे चढ टाळण्यासाठीही काढतात हे खरं. पण इथे वरच्या जंगलाचा विचार कागदावर मांडावा लागला. १८५६ आणि आज यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, ती १९९४ पासून. २००६ च्या अधिसूचनेने त्याची आजची पद्धत ठरवली. जनसुनावणी होते, तज्ज्ञांची समिती अटी घालते आणि अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पवाल्यांनी दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. अट घालतात त्या दिवशी बातमी होते. सहामाही अहवाल कोण वाचतं?

आणि नदी? नदीकाठी कोणत्या अंतरात कोणता उद्योग नको, हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्राने २००० मध्ये आणलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द केलं. ते कारखान्यांसाठी होतं, घरांसाठी नव्हतं, म्हणून आमच्या हॉलमधल्या पाण्याचा दोष मी त्याला देणार नाही. पण देवळाची रेषा टिकली, डोंगराची टिकली आणि नदीची सरकारनेच पुसली, हे विसरता येत नाही. उरली ती पाटबंधारे खात्याची पूररेषा: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर घेताना ती आम्हाला कुणी दाखवली नाही. आम्हीही विचारलं नाही.

२०१९ च्या त्याच दिवशी, १८५६ च्या त्याच मार्गावर, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी होते. बोटी आणून त्यांना बाहेर काढलं. रुळाला नदीबद्दल कुणी विचारलं नव्हतं, ते नदीनेच दीडशेहून जास्त वर्षांनी विचारलं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, सोबत लहान मुलगी. ताईंनी भिंतीवर बोट ठेवून विचारलं, "ओल आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"ओल नाही," मी म्हणालो, "इथपर्यंत पूर आला होता. २०१९ ला."

ते बराच वेळ बघत राहिले. मग भाऊंनी किंमत कमी होईल का विचारलं. बाबा अजून तयार नाहीत. रंग मात्र त्यांनी परत आणायला सांगितलेला नाही.