बधिर बालकाचा ‘हट्टीपणा’ : एका समजुतीचा इतिहास

बधिर बालक स्वभावतःच हट्टी, उतावळे व रागीट असते, अशी समजूत युरोप-अमेरिकेतील शिक्षकवर्गात दीर्घकाळ रूढ होती. ती निराधार निरीक्षणावर उभी होती असे म्हणता येत नाही. वाद आहे तो त्या निरीक्षणाच्या अर्थाविषयी.

१८८० च्या सप्टेंबरात मिलान येथे बधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने खुणांहून वाणीचे श्रेष्ठत्व निर्विवाद मानून शुद्ध मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. प्रतिनिधींत स्वतः बधिर असलेले जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर बहुसंख्य शाळांच्या वर्गांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. ओष्ठवाचन व उच्चारण काही मुलांस साधले. ज्यांना ते साधले नाही, त्यांच्यापाशी बालवयात कोणतीच पुरेशी भाषा उरली नाही. अशा बालकास ‘थोडे थांब, मग देतो’ एवढे समजावण्याचीही सोय नव्हती. हवी असलेली वस्तू हिरावली गेली, इतकेच त्यास कळे. मग त्याने आकांत केला, तर तो स्वभावदोष कसा?

या प्रश्नास दिशा मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६० साली विल्यम स्टोकी यांनी अमेरिकेतील खुणांच्या भाषेस स्वतःची रचना आहे, हे दाखविले. पुढे कॅथरिन मेडो यांनी बधिर मातापित्यांची बधिर मुले आणि ऐकणाऱ्या मातापित्यांची बधिर मुले यांची तुलना केली. श्रवणदोष दोहोंकडे होता; परंतु पहिल्या गटास घरीच खुणांची भाषा लाभली होती. शिक्षकांच्या मूल्यमापनात हीच मुले अधिक प्रौढ व संयमी ठरली. अर्थात बधिर मातापित्यांनी मुलाचे बधिरत्व सहजतेने स्वीकारलेले असते, हाही भेद येथे विसरता कामा नये. तरीही केवळ बधिरत्वास दोष देणे यानंतर कठीण झाले.

मार्क ग्रीनबर्ग व कॅरॉल कुशे यांनी बधिर मुलांसाठी आखलेला अभ्यासक्रम १९९३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षेऐवजी शिकवणुकीवर भर होता. राग, निराशा, मत्सर यांची नावे मुलांस चित्रांतून व खुणांतून दिली जात. राग येताच कासवाप्रमाणे अंग आवरून थांबावे, श्वास घ्यावा आणि मग अडचण सांगावी, असा सराव करून घेतला जाई. ज्या भावनेस नाव नाही, ती आवरणे बालकास दुष्कर असते, हे यामागील तत्त्व होय.

२०१० साली व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव फेटाळून झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये एकशेतीस वर्षे गेली, आणि बालकाचे भाषा शिकण्याचे वय तर अवघ्या काही वर्षांचे. म्हणून जुन्या लेखनात बधिर बालकास लावलेले ‘हट्टी’ हे विशेषण वाचताना अभ्यासकाने आधी एक गोष्ट तपासावी : त्या बालकाशी कोणी, कोणत्या भाषेत बोलत होते?